पाऊस ओळखणारी काच

तंजावरहून तिरुवैयारु हे गाव दहाबारा किलोमीटरांवर आहे. पण तेवढ्या अंतरात पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचे नावच मुळी या नद्यांवरून पडलेले आहे. 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी, आणि 'तिरु' हा आपल्या 'श्री'सारखा आदराचा उपसर्ग. आपल्याकडची पंचगंगा पाच प्रवाह एकत्र येऊन होते; येथे प्रकार उलटा आहे. एकच कावेरी निरनिराळ्या वाटांनी पांगते आणि सपाट खाचरांतून समुद्राकडे जाते. रस्ता मात्र त्या सर्व प्रवाहांना आडवा छेदत उत्तरेकडे निघतो, त्यामुळे प्रवासी पुलामागून पूल मोजीत राहतो.

सरकारी कामानिमित्त मी तंजावरला गेलो होतो. महिना नोव्हेंबरचा. आपला पाऊस परतलेला असतो, त्या सुमारास या मुलखाचा खरा पावसाळा सुरू होतो. ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा येथे पडून जातो. काम संपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आदल्या दिवशी पाहिले होते. तेव्हा त्यागराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे म्हणून भाड्याची मोटार ठरवली आणि निघालो.

वडवारुच्या पुलावर स्वच्छ ऊन होते. वेण्णारुच्या अलीकडे आभाळ काळवंडले आणि पुलावर चाके चढतात न चढतात तोच समोरच्या काचेवर पाचसात टपोरे थेंब फुटले. चालकाचे दोन्ही हात चाकावरच होते. त्याने कोणतीही कळ दाबली नाही, तरीही काचेच्या पायथ्याशी निजलेले दोन्ही वायपर उठले, एकदा इकडून तिकडे फिरले आणि परत निजले. थेंब वाढले तसे ते लगबगीने फिरू लागले. वेट्टारुपाशी पाऊस एखादी रेघ मारल्यासारखा संपला. पलीकडचा रस्ता कोरडा ठणठणीत, धूळही न बसलेली. वायपर आपोआप थांबले. कुडमुरुट्टीवर पुन्हा सर आली, पुन्हा ते उठले.

मी चालकाला विचारले, "तुम्ही काही केलेत काय?" तो हसून म्हणाला, "नाही सार, गाडीलाच कळते."

गाडीलाच कळते, या त्याच्या शब्दांनी मी विचारात पडलो. मी इतिहासाचा विद्यार्थी. विज्ञान शाळेत शिकलो तेवढेच. पण पाऊस पडतो आहे हे ओळखणे, आणि किती पडतो आहे हे ठरवणे, या दोन गोष्टींशी माझ्या नोकरीचा निकटचा संबंध आलेला आहे. तो कसा, हे पुढे सांगेन. आधी या वायपरची हकीकत.

मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना समोरची काचच नसे. काच आली ती वारा व धूळ अडवण्यासाठी. पण पाऊस पडू लागला की तीच काच डोळ्यांवर पडदा होऊन बसे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी अमेरिकेतील अलाबामा राज्यात राहणारी मेरी अँडरसन नावाची एक बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली होती. दक्षिणेकडच्या ऊबदार प्रदेशातली ती बाई. ट्राममधून जाताना तिने पाहिले की बर्फाळ पाऊस पडत असल्यामुळे चालकाने समोरची झडप उघडी ठेवली आहे आणि तो बिचारा कुडकुडत बर्फाचा मारा तोंडावर घेत गाडी हाकतो आहे. घरी परतल्यावर तिने एक आराखडा केला: काचेच्या बाहेर रबराची पट्टी लावलेला दांडा, आत चालकाच्या हाताशी एक तरफ. तरफ ओढली की दांडा काचेवरून फिरावा आणि वजनाच्या ओढीने जागेवर यावा. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले. १९०५ मध्ये तिने ते एका कॅनेडियन कंपनीला विकू पाहिले, तेव्हा त्या वस्तूला व्यापारी मूल्य नाही असे तिला कळवण्यात आले. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. त्यानंतर वायपर घरोघर झाले आणि बाईंना एक पैसाही मिळाला नाही. त्याच वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, इतरही काही जणांनी अशा युक्तींसाठी अर्ज केले होते आणि १९०८ मध्ये तर जर्मन कैसरचा भाऊ प्रिन्स हाइन्रिख यानेही हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेतले. एखाद्या शोधाची वेळ आली की तो एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात येतो, असा अनुभव इतिहासात वारंवार येतो. म्हणून पहिला कोण, या वादात मी फारसा पडत नाही.

हाताने फिरवायच्या वायपरची अडचण उघड होती: एक हात चाकावर, एक तरफेवर, मग गियर कोणी बदलायचा? १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड या बाईंनी विजेवर चालणाऱ्या रुळांच्या वायपरचे पेटंट घेतले. तेही बाजारात चालले नाही. त्यानंतर आली ती इंजिनाच्या श्वासावर चालणारी पद्धत. इंजिन हवा आत ओढते, त्या ओढीवरच वायपर हलवायचा. युक्ती स्वस्त होती, पण तिचा एक स्वभाव मोठा विचित्र होता. चढणीवर इंजिनाला जोर द्यावा लागला की ती ओढ कमी होई आणि वायपर मंदावे, कधी थांबेच. भर पावसात खंबाटकीचा घाट चढताना ऐन वळणावर वायपर निजला तर काय होईल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. अशा दोषासह ही पद्धत काही अमेरिकी गाड्यांत १९७० च्या सुमारापर्यंत टिकून होती. दुसरीकडे, जर्मनीत बॉश कंपनीने १९२६ मध्येच विजेचा वायपर बाजारात आणला होता.

इथपर्यंत वायपर हा निव्वळ हुकमाचा ताबेदार होता. सुरू म्हटले की सुरू, बंद म्हटले की बंद. पण पाऊस असा दोन कप्प्यांत बसणारा नसतो. रिमझिम असेल तर अखंड फिरणारा वायपर कोरड्या काचेवर करकरतो. बंद केला तर क्षणात काच धूसर होते. या मधल्या अवस्थेवर ज्याने तोड काढली त्या माणसाची कहाणी मला फार चटका लावून गेली, कारण तो माझ्याच बिरादरीतला, म्हणजे सरकारी नोकर होता.

रॉबर्ट कर्न्स त्याचे नाव. जन्म १९२७ चा, वस्ती डेट्रॉइटची. १९५३ मध्ये लग्नाच्या रात्रीच मद्याच्या बाटलीचे बूच उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसले आणि त्या डोळ्याची दृष्टी बहुतांशी गेली. पुढे पावसात गाडी चालवताना त्याला त्रास होऊ लागला, तेव्हा त्याच्या मनात आले की डोळ्याची पापणी सारखी फडफडत राहत नाही; ती थोड्या थोड्या वेळाने एकदा मिटते. वायपरही तसाच का नसावा? त्याने ट्रान्झिस्टर, धारित्र आणि बदलता येणारा रोध यांचे एक साधे मंडळ जुळवले. धारित्र हळूहळू भरते. भरले की ट्रान्झिस्टर वाट मोकळी करतो. वायपर एकदा फिरतो. पुन्हा भरणे सुरू. रोध कमीजास्त केला की दोन फेऱ्यांतला अवकाश कमीजास्त होतो. १९६४ मध्ये त्याने अर्ज केला आणि १९६७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. फोर्ड कंपनीच्या इंजिनियरांना त्याने ही युक्ती दाखवली होती. पुढे करार झाला नाही. पण १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांत थांबून थांबून चालणारे वायपर आले आणि मग इतरांच्याही.

कर्न्स पुढे डेट्रॉइट शहराचा इमारत व सुरक्षा विभागाचा आयुक्त झाला, नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत गेला. १९७८ मध्ये त्याने फोर्डवर आणि १९८२ मध्ये क्रायस्लरवर दावा लावला. कंपन्यांचे म्हणणे असे की यातला एकही भाग नवा नाही. ट्रान्झिस्टर, धारित्र, रोध हे सर्व बाजारात मिळणारे, मग शोध कसला? १९९० मध्ये पंचांनी निर्णय दिला की पेटंटचा भंग झाला आहे, मात्र तो हेतुपुरस्सर नव्हता. फोर्डने एक कोटी दोन लाख डॉलर दिले. क्रायस्लरविरुद्धच्या दाव्यात तो स्वतःच वकील म्हणून उभा राहिला, मुलांनी कागद लावून दिले, आणि अखेर व्याजासह सुमारे तीन कोटी डॉलर त्याला मिळाले. इतर कंपन्यांवरचे दावे मात्र मुदतीत कागद दाखल न केल्यामुळे निकालात निघाले. या खटल्यांच्या पायी त्याचे लग्न मोडले, प्रकृती ढासळली. २००५ मध्ये तो वारला. सरकारी नोकरी केलेल्या माणसाचे शेवटचे दावे मुदतीच्या नियमावर जावेत, यातला कडवटपणा ज्याने फायली हाताळल्या आहेत त्याला अधिक जाणवेल.

भाग सगळे जुने, जुळणी नवी. तर तो शोध की नव्हे, या प्रश्नाचे एक उत्तर तिरुवैयारुच्या वरच्या अंगाला कावेरीच्या पात्रातच आहे. तेथे कल्लणै नावाचे प्राचीन धरण आहे, ज्याचा मान परंपरा करिकाल चोळाला देते. नदीच्या वाळूत न घडवलेले धोंडे टाकायचे, ते स्वतःच्या भाराने रुतत जातात, त्यांच्यावर आणखी टाकायचे. असे करीत करीत पाया पक्का होतो. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियराने हे काम पाहिले, त्यातली युक्ती ओळखली आणि तिच्या आधारावर १८३६ च्या सुमारास मुक्कोंबू येथे कोळ्ळिडम नदीवर नवा बंधारा बांधायला घेतला. धोंडे कोणाच्याही मालकीचे नव्हते आणि वाळूही नव्हती. जुळणी मात्र कोणा एकाच्या डोळ्यांना दिसली, आणि त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. करिकाल राजा होता. धोंडा कसा रुततो हे पाहणारा गवंडी दुसराच असणार.

मात्र कर्न्सच्या वायपरलाही पाऊस कळत नव्हता. अवकाश किती ठेवायचा हे चालकच ठरवी. पाऊस गाडीनेच ओळखावा ही हौस त्याच्याही आधीची. १९५१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने 'ल सेबर' नावाची एक प्रदर्शनी मोटार तयार केली. तिच्या दोन आसनांच्या मध्ये ओल ओळखणारे एक उपकरण बसवलेले होते. त्यावर थेंब पडले की उघडे छप्पर आपोआप वर येई. बाजारात विकलेल्या गाडीत मात्र हे ज्ञान प्रथम दिसते ते १९७० च्या सित्रोएन एस्‌एम् या फ्रेंच गाडीत, आणि तिची रीत मला सर्वांत लोभस वाटते. तिच्यात पाऊस पाहणारा डोळा नव्हताच. वायपर एकदा फिरे. काच कोरडी असेल तर घर्षण जास्त, म्हणून मोटरला वीज जास्त लागे. काच ओली असेल तर कमी. जास्त वीज लागली तर पुढची फेरी उशिरा, कमी लागली तर लगेच. आंधळा माणूस काठीच्या टोकाने वाट ओळखतो, तशी ही गाडी आपल्याच हाताच्या कष्टावरून पाऊस ओळखीत असे. पुढे जपानमध्ये थेंबांच्या आघाताने होणारे कंप टिपण्याचे प्रयोग झाले, आणि १९९६ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत प्रकाशावर चालणारे उपकरण आले. आज भारतात बनणाऱ्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही जे असते ते बहुधा याच जातीचे.

त्याचे तत्त्व कठीण नाही. लहानपणी विहिरीत बुडी मारून ज्यांनी डोळे उघडून वर पाहिले असेल त्यांना आठवेल की थेट वर पाहिले तर आभाळ दिसते, पण तिरपे पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि विहिरीचाच तळ त्यात दिसतो. दाट पदार्थातून विरळ पदार्थात जाऊ पाहणारा प्रकाश एका मर्यादेपलीकडे तिरपा झाला की बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परततो. केप्लर याने १६११ मध्ये याविषयी लिहून ठेवले आहे. काच आणि हवा यांच्या सीमेवर ही मर्यादा सुमारे बेचाळीस अंशांची. काच आणि पाणी यांच्या सीमेवर सुमारे एकसष्ट अंशांची. आता आरशामागच्या डबीतून काचेत पंचेचाळीस अंशांच्या आसपास एक किरण सोडला, तर काच बाहेरून कोरडी असताना तो पूर्ण परत येतो, कारण पंचेचाळीस हे बेचाळिसाहून जास्त. पण त्या जागी थेंब बसला की मर्यादा एकसष्टवर जाते आणि किरणाचा काही भाग थेंबातून बाहेर निसटतो. परत येणारा प्रकाश जितका कमी, तितका पाऊस जास्त. किरण अवरक्त असतो, त्यामुळे तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणजे आमच्या चालकाच्या गाडीला पाऊस कळला होता असे म्हणणे तितकेसे बरोबर नव्हे. तिला एवढेच कळले होते की आपण सोडलेल्यापैकी थोडा प्रकाश परत आलेला नाही. उद्या काचेवर चिखल उडाला, किडे आदळले, तरी ती पाऊसच समजेल. अलीकडे काही गाड्यांत हे काम कॅमेऱ्यावर सोपवले आहे, तोही चुकतो. शिवाय तिला ज्या पावसाची खबर असते तो तळहातापेक्षा लहान जागेवर पडणारा.

आता नोकरीच्या संबंधाकडे येतो, आणि त्यासाठी पुन्हा तंजावरकडे. १९०५ च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची निघाली. शेकडो वर्षे ज्याचे केवळ नाव ऐकू येत होते तो ग्रंथ ग्रंथपाल शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये छापला, आणि साऱ्या जगाला प्राचीन भारताचा कारभार नव्याने वाचता आला. पुढे मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती आपल्या र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली. शामशास्त्री आणि कंगले यांची नावे ग्रंथांवर आहेत; पोथी आणणारा मात्र 'तंजावर जिल्ह्यातला पंडित' एवढाच उरला.

त्या ग्रंथात पाऊस मोजण्याचे भांडे आहे. एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, रुंद तोंडाचे कुंड ठेवावे असे कौटिल्य सांगतो, आणि ते कोठे ठेवावे? राजाच्या कोठारात. ऋषींच्या आश्रमात नव्हे, ज्योतिषाच्या अंगणात नव्हे, धान्याच्या कोठारात. पावसावर पेरणी, पेरणीवर धान्य, धान्यावर सारा. हा हिशेब त्याच्या मनात पक्का होता. निरनिराळ्या देशांत किती द्रोण पाऊस झाला म्हणजे पुरेसा, हेही तो देतो. जांगल देशात सोळा, अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस; अपरांतात मात्र मोजदाद नाही. अश्मक म्हणजे आपला गोदावरीकाठ आणि अपरांत म्हणजे कोकण. मराठवाड्याला सर्वांत कमी आणि कोकणाला अमाप, हा आपला आजचा अनुभव त्या यादीत जसाच्या तसा आहे. कोरियात सेजोंग राजाने १४४१ मध्ये राज्यभर ठेवण्यासाठी पर्जन्यमापक करवले, ते जगात पहिले असे पुष्कळदा लिहिले जाते. तो राजा थोर होता यात शंका नाही. पण कोठारातले ते कुंड त्याच्या शेकडो वर्षे आधीचे आहे.

कौटिल्याचे कुंड आज महसूल मंडळाच्या ठिकाणी उभे असते. पूर्वी पत्र्याचे नळकांडे होते, तलाठी किंवा शिपाई सकाळी पट्टी लावून मोजी. आता बहुतेक ठिकाणी स्वयंचलित केंद्रे आहेत. नियम असा की मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. अतिवृष्टी ठरली तर पंचनामे, पंचनामे झाले तर मदत.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात मी नेमणुकीवर होतो. सप्टेंबरच्या एका रात्री तेथील एका गावावर ढगच फुटला. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच पाण्याखाली गेले आणि पुढे शेंगांतच मोड आले. पर्जन्यमापक गावापासून नऊदहा किलोमीटरांवर, एका डोंगरसोंडेच्या पलीकडे. त्याने त्या रात्री अठ्ठावन्न मिलिमीटर नोंदवले होते. गावकरी आले. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी घरून एक घमेले आणले होते. म्हणाले, "साहेब, हे संध्याकाळी रिकामं अंगणात होतं. सकाळी भरून वाहत होतं. तुम्हीच मोजा." त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले. मी त्यांना समजावून सांगितले की घमेल्याच्या बाजू तिरप्या असतात, तोंड रुंद आणि बूड अरुंद, म्हणून त्यातल्या पाण्याच्या उंचीवरून पाऊस काढता येत नाही. शिवाय ते प्रमाणित मापक नव्हे. सांगितले ते सगळे बरोबर होते. फायलीवर मी शेरा लिहिला: निकषात बसत नाही. म्हातारबुवा घमेले उचलून काखेत घेऊन गेले. जाताना त्यांनी नमस्कारही केला.

त्या गावात पासष्टहून अधिक पाऊस झाला होता असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. पण वाटण्याला रकाना नसतो. मापक एका बिंदूवर असतो आणि त्याचा आकडा सगळ्या मंडळाला लागू होतो. पावसाला मंडळाची हद्द ठाऊक नसते.

म्हणूनच अलीकडे एका प्रयोगाविषयी वाचले तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला. जर्मनीत हानोफर येथील विद्यापीठातील संशोधकांनी २०१० च्या सुमारास असा विचार मांडला की रस्त्यावर धावणारी प्रत्येक मोटार हा एक फिरता पर्जन्यमापक मानावा. वायपर किती वेगाने फिरतो आणि काचेमागचा तो किरण किती निसटतो, हे गाडी कोठे आहे याच्याशी जोडले तर पावसाची नोंद मिळते. एकेका गाडीची नोंद ओबडधोबड असेल. गाडीचा वेग वाढला की काचेवर थेंबही जास्त येतात, त्याची वजावट करावी लागते. पण पर्जन्यमापक पाच असतात आणि गाड्या पाच हजार. त्यानंतर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अॅन आर्बर शहरातील काही गाड्यांच्या वायपरच्या नोंदी रडारच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की पाऊस आहे की नाही हे सांगण्यात वायपर रडारपेक्षा अधिक भरवशाचे ठरले. रडार आकाशातला ढग पाहते; काचेवर थेंब पडला की नाही हे काचेलाच ठाऊक.

आमच्या त्या गावात त्या रात्री एखादी अशी गाडी गेली असती तर माझा शेरा बदलला असता काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर बदलला नसता. वायपर हाही प्रमाणित मापक नव्हे. मेरी अँडरसनचे पत्र ज्या कंपनीने परत केले तिच्या कारकुनाविषयी मी वाचले तेव्हा मला हसू आले नाही, ते याच कारणाने.

कुडमुरुट्टी मागे पडली आणि कावेरीच्या पुलावर आम्ही पोचलो तेव्हा वायपर पुन्हा थांबले होते. नदी तांबूस, काठोकाठ. पलीकडच्या तीरावर त्यागराजांची समाधी. आज जे मंदिर तेथे आहे ते बेंगळूर नागरत्नम्मा या गायिकेच्या पैशाने आणि हट्टाने उभे राहिले. ज्या राजाने त्यागराजांना दरबारात बोलावले आणि ज्याला त्यांनी नकार दिला तो आपला मराठा राजा, सरफोजी, असे परंपरा सांगते. मराठी माणूस तेथे उभा राहिला की त्याला या गोष्टीची थोडी लाज आणि थोडा अभिमान असे दोन्ही वाटते. नकार ऐकून घेणारा राजाही काही कमी नव्हे.

समाधीपुढे थोडा वेळ बसलो. जानेवारीतल्या आराधनेच्या दिवशी येथे शेकडो गायक एकदम गातात. त्या दिवशी मात्र एक पुजारी, दोन बायका आणि छपरावरून ठिबकणारे पाणी, एवढेच होते. परतताना वाटेत चालकाने एका शेतापाशी गाडी उभी केली. ते त्याच्या मेहुण्याचे शेत होते. सांबा हंगामाचे भात गुडघ्यापर्यंत आले होते आणि मेहुणा बांध फोडून जादा पाणी काढून देत होता. मी विचारले, पाऊस किती झाला? त्याने कुदळ चिखलात उभी केली आणि तिच्या दांड्यावर ओल जेथपर्यंत चढली होती तेथे अंगठा ठेवून दाखवला.

हॉटेलवर परत आल्यावर, जुन्या सवयीने, मी डायरी उघडून नोंद केली. वडवारु: निरंक. वेण्णारु: पाऊस, जोराचा. वेट्टारु: निरंक. कुडमुरुट्टी: पाऊस, मध्यम. कावेरी: निरंक. पुढे 'मिलिमीटर' असा रकाना आखला होता, तो रिकामा ठेवला.